इंजिन बदलण्याचा निर्णय मापे घेतल्यावरच करावा

गाडीचे इंजिन कमजोर होऊ लागल्याची पहिली चाहूल लागते, तेव्हा मालकाजवळ माहिती फार थोडी असते. एखादा नवा आवाज, सायलेन्सरमधून येणाऱ्या धुराचा बदललेला रंग, डिपस्टिकवर नेहमीपेक्षा लवकर खाली गेलेले ऑइल, चढावर कमी पडणारे पिकअप किंवा डॅशबोर्डवर पेटलेला इंजिनचा दिवा, एवढ्याच खुणांवरून पुष्कळदा ‘इंजिन संपले, बदलूनच टाका’ असा निकाल दिला जातो. मालकाला तो पटतोही, कारण इंजिन उघडून पाहण्याची त्याची तयारी नसते आणि रस्त्यात बंद पडण्याची भीती मोठी असते. माझ्या स्वतःच्या आणि एका जवळच्या मित्राच्या गाडीच्या निमित्ताने हा प्रश्न मी अगदी जवळून पाहिला आहे. दोन्ही गाड्यांना सुरुवातीला हाच सल्ला मिळाला होता. प्रत्यक्ष मापे घेतल्यावर एका गाडीचे इंजिन वाचवण्यासारखे निघाले आणि दुसरीचे खरोखरच गेलेले होते. बाहेरून ऐकणाऱ्याला मात्र दोन्ही गाड्या सारख्याच आजारी वाटल्या असत्या. म्हणून या विषयावर सविस्तर लिहावे असे वाटले.

सुरुवात नेहमी स्वस्त आणि सोप्या तपासण्यांपासून करावी. धुराचा रंग पुष्कळ काही सांगतो, पण तो कधी दिसतो हे पाहिले तरच. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना तो क्षणभर दिसून नाहीसा होत असेल, तर व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची रबरी सील कडक झाल्याची शक्यता अधिक असते. ओझ्याखाली रेस देताना तो सतत येत असेल, तर पिस्टनभोवतीच्या, सिलिंडरच्या भिंतीशी फट बुजवणाऱ्या रिंगांकडे संशय जातो. काळा धूर जादा इंधनाचा असतो आणि त्याचा इंजिनच्या झिजेशी बहुधा संबंध नसतो. पांढरा धूर थंड सकाळी काही मिनिटे दिसला तर ती केवळ वाफ असते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही तो दाट राहिला आणि त्याला गोडसर वास येत असला, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, सिलिंडरमध्ये शिरत आहे. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचे सील गेले तरी अगदी रिंगा गेल्यासारखाच निळा धूर निघतो, आणि क्रँककेसमधील वायू बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला तरी इंजिन ऑइल खाऊ लागते. पीसीव्ही व्हॉल्व्ह हा तर अगदी किरकोळ भाग आहे. तो न तपासता रिंगांचे काम सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

ऑइल खाण्याचेही मोजमाप करावे लागते. ‘फार ऑइल खाते’ या तक्रारीला तसा काही अर्थ नसतो. सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पातळी पाहावी, वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरावे, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि पुन्हा भरावे लागेल तेव्हा किती लागले ते मोजावे. अनेक उत्पादक एक हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खप आपल्या हिशेबात स्वीकारार्ह धरतात. मला ही मर्यादा उदार वाटते. पण त्यापेक्षा बऱ्याच कमी खपावर इंजिन बदलायला सांगणे मात्र निश्चितच घाईचे आहे. ऑइलच्या झाकणाखाली दिसणारा दुधाळ साका पाहूनही अनेक जण घाबरतात. थंडीत सतत लहान अंतरे चालणाऱ्या गाडीत तो नुसत्या बाष्पामुळे साचतो. डिपस्टिकवरचे ऑइलही तसेच दुधाळ झाले असेल आणि कूलंटची टाकी उतरत असेल, तर मात्र ऑइलमध्ये पाणी जात आहे असे धरून गाडी तिथेच थांबवावी, कारण पाणीमिश्रित ऑइलवर बेअरिंगे फार काळ टिकत नाहीत.

यानंतर गाडीच्या संगणकाने नोंदलेले दोष वाचणारा स्कॅनर लावावा. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडी-२ पद्धतीची निदानव्यवस्था सक्तीची झाल्यामुळे आज साधा स्कॅनरही बहुतेक गाड्यांशी बोलू शकतो. पी०३०१ हा कोड पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर होत असल्याचे, म्हणजे इंधन नीट पेटत नसल्याचे सांगतो, पी०३०२ दुसऱ्यातला, आणि पी०३०० म्हणजे मिसफायर एका ठिकाणी स्थिर नाही. हे कोड कारण सांगत नाहीत, ते फक्त जागा दाखवतात. त्या सिलिंडरची इग्निशन कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहावी. कोडही तिच्याबरोबर सरकला तर दोष कॉइलचा आहे आणि विषय तिथेच संपतो. स्पार्क प्लग आणि इंजेक्टर यांचीही अशीच अदलाबदल करता येते. तिन्ही बदलूनही मिसफायर त्याच सिलिंडरमध्ये राहिला, म्हणजे तो यांत्रिक आहे असे मानायला आधार मिळतो आणि सिलिंडरमधला दाब मोजणारे कॉम्प्रेशन गेज बाहेर काढायची वेळ येते.

माझ्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीत नेमके हेच झाले. सकाळी सुरू केल्यावर इंजिन थोडा वेळ थरथरत असे आणि मग सुरळीत होई. कूलंट हळूहळू कमी होत होते, पण खाली कुठेही थेंब सांडलेला दिसत नव्हता. लांब चढावर तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर जाऊ लागला होता. स्कॅनरवर तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर नोंदलेला होता, कॉइल आणि प्लग यांची अदलाबदल करूनही तो तिथेच राहिला. ‘इंजिन पाणी पिते आहे, आता याच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही, दुसरे इंजिन बसवा’ असे मला सांगण्यात आले. यातला पहिला भाग बरोबर होता. दुसऱ्या भागाला अजून कसलाही आधार मिळालेला नव्हता.

कॉम्प्रेशनची तपासणी दिसायला सोपी आहे, पण ती नीट केली नाही तर आकडे खोटे येतात. इंजिन गरम हवे, बॅटरी पूर्ण भरलेली हवी, सगळे स्पार्क प्लग काढलेले हवेत, इंधन आणि इग्निशन दोन्ही बंद हवे, आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवलेला हवा, म्हणजे सिलिंडरला हवा मोकळेपणाने मिळते. मग प्रत्येक सिलिंडरला सारख्याच वेळा सेल्फ मारायचा. पाचसहा कॉम्प्रेशन स्ट्रोक पुरेसे होतात. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण १२० ते १९० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) इतका दाब मिळतो, तर डिझेल इंजिनात तो ३०० ते ५०० पीएसआयच्या आसपास असतो आणि त्याला वेगळे गेज लागते. नेमका आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेत पाहावा. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक अधिक बोलका असतो. सर्वांत कमी दाब सर्वांत जास्त दाबाच्या ७५ टक्क्यांहून खाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये काहीतरी निश्चित बिघडलेले आहे. चारही सिलिंडर सारखेच थोडे कमी असतील, तर ते इंजिन वयाने झिजलेले आहे, पण आजारी असेलच असे नाही; टायमिंग बेल्ट एखादा दात सरकला तरी सगळे आकडे एकत्र खाली येतात.

माझ्या गाडीत पहिल्या सिलिंडरला १७० आणि चौथ्याला १६५ पीएसआय मिळाले. दुसऱ्यात १०० आणि तिसऱ्यात ९५. एकमेकांना लागून असलेले दोन सिलिंडर एकाच वेळी असे पडतात, तेव्हा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामध्ये बसणाऱ्या हेड गॅस्केटची त्या दोन सिलिंडरांमधली अरुंद पट्टी फुटली असण्याची शक्यता सर्वांत मोठी असते. खात्रीसाठी दोन्ही सिलिंडरांत प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा माप घेतले. रिंगा झिजलेल्या असत्या, तर ऑइलने त्यांच्या फटी तात्पुरत्या बुजून दाब बराच वाढला असता. तो जवळपास जागेवरच राहिला, म्हणजे गळती पिस्टनच्या खाली नव्हती, वरच्या बाजूला होती.

पुढची तपासणी लीक-डाउनची. मला ती सगळ्यांत आवडते, कारण तीत इंजिन स्वतः बोट दाखवून दोष सांगते. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या अगदी वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची आणि तिच्यातली किती टक्के निसटते हे गेजवर वाचायचे. दहा टक्क्यांच्या आत असेल तर सिलिंडर उत्तम, वीसपर्यंत चालण्यासारखा, तीसच्या पुढे गेले तर दुरुस्ती अटळ. आकडा वाचून झाला की कान लावायचा. थ्रॉटलमधून फुसफुस ऐकू आली तर इनटेक व्हॉल्व्ह गळतो आहे, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट फुटले आहे किंवा हेडला तडा गेला आहे. आम्ही तिसऱ्या सिलिंडरमध्ये हवा सोडली आणि पातळ कागदाची एक पट्टी दुसऱ्या सिलिंडरच्या उघड्या भोकावर धरली. पट्टी फडफडू लागली. थोड्या वेळाने रेडिएटरच्या तोंडाशीही एकेक बुडबुडा वर येऊ लागला. ज्या रासायनिक द्रावाचा निळा रंग ज्वलनातील कार्बन डायऑक्साइडमुळे पिवळा पडतो, त्याची तपासणी आधी केली होती आणि तीतही रंग बदलला होता. इतक्या पुराव्यानंतर हेड गॅस्केटबद्दल शंकेला जागाच उरली नाही.

तरीही खरा प्रश्न खालच्या भागाचा होता, कारण हेडचे काम करून वर ठेवायचे ते ज्या ब्लॉकवर, तो चांगला नसेल तर सगळा खर्च पाण्यात जातो. ऑइलच्या दाबाचा सेन्सर काढून त्याच्या जागी यांत्रिक गेज लावले. इंजिन पूर्ण गरम असतानाही आयडलिंगला आणि वरच्या फेऱ्यांना दाब पुस्तिकेतील मर्यादेच्या बराच वर होता. क्रँक आणि बेअरिंगे ठीक असल्याची ही सर्वांत भरवशाची बाहेरची खूण. हेड उतरवल्यावर सिलिंडरच्या भिंतींवर कारखान्यात काढलेल्या होनिंगच्या तिरक्या रेघा अजून स्पष्ट दिसत होत्या आणि उभा ओरखडा एकही नव्हता. तिसऱ्या पिस्टनचा माथा मात्र धुऊन काढल्यासारखा स्वच्छ होता, बाकीचे तिन्ही काजळीने काळे. सिलिंडरमध्ये गळणाऱ्या कूलंटची वाफ पिस्टन असाच साफ करते. हेडच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज सरकवले, तेव्हा मधोमध ०.१२ मिलिमीटरची पाती आत गेली. पुस्तिकेतील मर्यादा ०.०५ मिलिमीटरची होती. अॅल्युमिनियमचे हेड जास्त तापले की असे वाकते.

इथे बहुतेक दुरुस्त्या थांबतात, आणि इथे थांबता कामा नये. हेड वाकले ते तापल्यामुळे, पण गाडी तापली कशामुळे? रेडिएटरचा पंखा हळू गतीने फिरत होता, पण वरच्या गतीचे सर्किटच जळालेले होते, म्हणून सपाटीवर काही जाणवत नव्हते आणि चढावर उष्णता साचत होती. मला इंजिन बदलण्याचा सल्ला देणाऱ्याने पंखा तपासला नव्हता. समजा मी नवे इंजिन बसवले असते, तर तेही त्याच पंख्यासमोर, त्याच चढावर तापले असते. या विषयात मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते हेच: जुने इंजिन कशाने गेले हे कळल्याशिवाय दुसरे इंजिन गाडीत ठेवू नये. हेड दाबाखाली तपासून, तडा नसल्याची खात्री करून, किमान उंचीच्या मर्यादेत राहून घासून घेतले. व्हॉल्व्ह बसवले, सील नवी टाकली आणि हेडचे बोल्टही नवे घेतले, कारण आवळताना ताणले जाणारे हे बोल्ट दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. पंख्याचे सर्किट, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचे झाकण त्याच वेळी बदलले. इंजिन तेच राहिले.

मित्राच्या गाडीची कथा उलट आहे. ती टर्बो डिझेल गाडी होती, आणि रेस सोडताना साधारण २००० फेऱ्यांच्या आसपास खालून एक जड ठोका ऐकू येत असे. आवाजावरून निदान करणे हे मोठ्या अनुभवाचे काम आहे आणि त्यात फसगत फार होते. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटची टिकटिक हलकी, वरून येणारी आणि क्रँकच्या निम्म्या गतीची असते, कारण कॅमशाफ्ट निम्म्या गतीने फिरते. पिस्टन स्लॅप, म्हणजे पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटण्याचा आवाज, थंड इंजिनात जोरात असतो आणि गरम झाल्यावर विरतो. टायमिंग चेन सैल असेल तर सुरू करताना क्षणभर खडखडते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून गळणारा वायूही हुबेहूब टॅपेटसारखा टिकटिकतो. सैल झालेले उष्णतारोधक पत्रे, अल्टरनेटरचे किंवा वॉटर पंपाचे बेअरिंग, बेल्टचा टेन्शनर, यांपैकी कुणीही इंजिनाच्या आतल्या दोषाचे सोंग आणू शकते. बाहेरचा बेल्ट काढून इंजिन अगदी थोडा वेळ चालवले आणि आवाज गेला, तर इंजिन उघडायचे कारणच उरत नाही.

कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका ओझ्याबरोबर बदलतो, आणि हीच त्याची परीक्षा आहे. स्कॅनरवरून एकेका सिलिंडरचे इंधन बंद करत गेल्यावर तिसऱ्या सिलिंडरला ठोका एकदम मऊ झाला. त्या पिस्टनवर ज्वलनाचा दाब येणे थांबले, म्हणून त्याचे सैल बेअरिंग आदळेनासे झाले. गरम इंजिनात आयडलिंगला ऑइलचा दाब यांत्रिक गेजवर मर्यादेच्या निम्माही भरत नव्हता. डॅशबोर्डवरचा लाल दिवा मात्र विझलेलाच होता, कारण तो स्विच दाब साधारण अर्ध्या बारच्या खाली गेल्यावरच दिवा लावतो. दिवा लागलेला नाही म्हणजे दाब ठीक आहे असे समजणे किती धोक्याचे आहे, हे त्या दिवशी फार स्पष्ट दिसले. कमी दाबाची इतर कारणेही असतात. चुकीच्या दर्जाचे पातळ ऑइल, ऑइलमध्ये मिसळलेले इंधन, अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह, झिजलेला पंप, सम्पमधील, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातील, तुंबलेली जाळी ही सगळी पाहावी लागतात. म्हणून ऑइलचा फिल्टर काढून कापला.

फिल्टर कापून पाहणे ही तपासणी फारच थोडे लोक करतात, आणि तिला खर्च जवळजवळ काहीच येत नाही. डबा कापून आतला घड्यांचा कागद बाहेर काढायचा, त्यातले ऑइल निथळू द्यायचे, आणि मग घड्या एकेक उलगडून तिरक्या उजेडात धरायच्या. या कागदावर घडीघडीच्या तळाशी सोनेरी-तांबूस कण चमकत होते, बोटाला चुरचुरीत लागतील इतके जाड. लोहचुंबक फिरवला, तर त्याला मोजकेच कण चिकटले; तांबूस कण जागचे हलले नाहीत. बेअरिंगच्या पोलादी पाठीवर तांब्याच्या मिश्रधातूचा थर असतो आणि त्याच्यावर मऊ धातूचा अगदी पातळ लेप. तांबे फिल्टरमध्ये दिसू लागले, म्हणजे वरचा लेप केव्हाच गेलेला असतो. सम्प उतरवल्यावर दोन्ही गोष्टी एकदम समोर आल्या. ऑइल खेचणाऱ्या जाळीचा मोठा भाग काळ्या गाळाने बुजलेला होता, आणि तिसऱ्या रॉडचे बेअरिंग आपल्या जागी फिरून क्रँकच्या पिनवर खोल चरे पडले होते. पिन उष्णतेने निळी पडली होती. ऑइल बदलण्याची मुदत वर्षानुवर्षे लांबवली गेल्याचा हा परिणाम होता. गाडी आधीच्या मालकाकडे असतानाच गाळ साचायला सुरुवात झालेली असावी.

अशा इंजिनापुढे वाटा तीन असतात. पहिली म्हणजे तेच इंजिन पूर्ण उघडून बांधणे: क्रँक ग्राइंड करून ०.२५ मिलिमीटर कमी मापाची बेअरिंगे घालणे, लागल्यास सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन टाकणे. ब्लॉक सुस्थितीत असेल, वर्कशॉपचा हात चांगला असेल आणि सुटे भाग मिळत असतील, तर हे काम उत्तम होते. मात्र आजच्या कित्येक इंजिनांसाठी उत्पादक कमी मापाची बेअरिंगे देतच नाहीत, आणि काही अॅल्युमिनियम ब्लॉकच्या सिलिंडरांना आतून विशेष लेप असल्यामुळे ते साध्या पद्धतीने बोअर करता येत नाहीत. दुसरी वाट म्हणजे अपघातात गेलेल्या गाडीचे वापरलेले इंजिन. ते सर्वांत स्वस्त पडते, पण त्याचा पूर्वेतिहास बहुधा विकणाऱ्याच्या शब्दावरच घ्यावा लागतो. तिसरी म्हणजे कारखान्यात किंवा नामांकित वर्कशॉपमध्ये नव्याने बांधलेले, हमीसह मिळणारे इंजिन. ते हाफ इंजिन म्हणून, म्हणजे ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन एवढेच, किंवा हेडसह पूर्ण मिळते. मित्राच्या क्रँकला कमी मापाची बेअरिंगे मिळत नव्हती, त्यामुळे पहिली वाट आपोआप बंद झाली.

वापरलेले इंजिन घ्यायचेच असेल, तर ते गाडीत बसवण्याआधी तपासावे. बसवल्यावर तपासणे म्हणजे मजुरी दोनदा देणे आहे. जमिनीवर ठेवलेल्या इंजिनाचीही लीक-डाउन तपासणी करता येते. व्हॉल्व्ह कव्हर उघडून आत गाळ किंवा काळा थर आहे का ते पाहावे, फिल्टर कापावा, इंजिनचा कोड शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवावा. एकाच क्षमतेच्या दोन इंजिनांत प्रदूषणाच्या निकषांनुसार सेन्सर, इंजेक्टर आणि वायरिंग वेगळे असू शकते, आणि मग गाडी उभीच राहते. टायमिंग बेल्ट किंवा चेन, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि क्रँकचे मागचे सील ही कामे इंजिन बाहेर असताना सहज होतात. आत गेल्यावर त्यांच्यासाठी पुन्हा अर्धी गाडी खोलावी लागते. क्लचही तेव्हाच पाहून घ्यावा. पुन्हा बांधलेल्या इंजिनाची हमी लेखी घ्यावी आणि तीत मजुरी धरली आहे का, हे आवर्जून विचारावे, कारण फक्त सुट्या भागांची हमी असेल तर इंजिन काढण्याघालण्याचा सगळा भार मालकावर पडतो. अशा इंजिनांच्या ब्लॉकवर किंवा हेडवर अनेकदा उष्णतेने वितळणारी लहान चकती चिकटवलेली असते. ती वितळलेली आढळली, तर इंजिन तापवल्याचे कारण देऊन हमी नाकारली जाते. जुने इंजिन परत घेऊन त्याची ठरावीक रक्कम देण्याची पद्धत असते, पण ब्लॉक फुटलेला असेल तर ती रक्कम मिळत नाही. ठोका ऐकू येणारी गाडी ‘अजून थोडी चालवू’ म्हणून रेटण्याचा हा आणखी एक तोटा. रॉड तुटून ब्लॉकच्या बाहेर आला की परत देण्याजोगेही काही उरत नाही.

बदलायचे की नाही, या प्रश्नात इंजिनापेक्षा गाडीचा विचार अधिक करावा लागतो. मी तीन रकमा कागदावर मांडायला सांगतो: आज आहे त्या अवस्थेत गाडीचे काय मिळेल, इंजिन चांगले असते तर काय मिळाले असते, आणि कामाचा संपूर्ण खर्च किती. खर्च पहिल्या दोन रकमांमधल्या फरकाहून कमी असेल, तर काम करून घेण्यात आर्थिक नुकसान नाही, मग गाडी ठेवायची असो वा विकायची. तो फरकाहून जास्त असेल, तर ती जादा रक्कम पुढची जितकी वर्षे गाडी वापरायची त्यांत विभागून पाहावी आणि तिची तुलना दुसऱ्या गाडीच्या खर्चाशी करावी. दुसरी गाडी जुनी घेतली, तर तिचे दोष आपल्याला ठाऊक नसतात, हेही त्या तुलनेत धरले पाहिजे. गाडीवर आजवर केलेला खर्च या हिशेबात आणू नये. त्या खर्चामुळे गाडी आज ज्या स्थितीत आहे, ती स्थिती तेवढी धरावी. चॅसिसला किंवा बॉडीच्या मुख्य भागांना गंज लागला असेल, तर माझे मत ठाम आहे: अशा गाडीत इंजिन घालू नये. गिअरबॉक्स कुरकुर करत असेल, तर त्याचा खर्च इंजिनाच्या खर्चातच मिळवून मग निर्णय करावा.

मित्राच्या गाडीची बॉडी स्वच्छ होती, गिअरबॉक्स निर्दोष होता, सस्पेन्शनचे काम झालेले होते आणि गाडी त्याला अजून बरीच वर्षे हवी होती. त्याने हेडसह पुन्हा बांधलेले इंजिन घेतले, आणि माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. ऑइल कूलर मात्र त्याच्या आग्रहाने नवा टाकला गेला. वर्कशॉप जुनाच धुऊन लावणार होते. बेअरिंगचे कण एकदा ऑइलमधून फिरले, की ते कूलरच्या बारीक मार्गांत अडकून बसतात, कितीही धुतले तरी ते सगळे निघाल्याची खात्री देता येत नाही, आणि पुढे ते सुटून थेट नव्या बेअरिंगांकडे जातात. टर्बोचा शाफ्टही त्याच ऑइलवर चालतो, म्हणून तो उघडून तपासला आणि त्याची ऑइलची नळी बदलली. टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये साचलेले ऑइल काढून टाकले, कारण डिझेल इंजिन ते इंधनासारखे ओढून बेफाम सुटू शकते.

नवे इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी इंधन बंद ठेवून, गेजवर ऑइलचा दाब दिसेपर्यंत सेल्फ मारून घेतला, म्हणजे कोरड्या बेअरिंगांवर पहिला ज्वलनाचा भार आला नाही. कूलंटमधली हवा पूर्ण काढली. सुरुवातीच्या काळात फेऱ्या सतत बदलत ठेवायच्या, जड ओझे टाळायचे, पण गाडी तासन्‌तास आयडलिंगलाही ठेवायची नाही, कारण रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी नीट जुळायला त्यांच्यावर मध्यम भार यावा लागतो. पहिले ऑइल एक हजार किलोमीटरच्या आसपास बदलले आणि तो फिल्टरही कापून पाहिला. नव्या भागांच्या जुळणीत सुटणारी राखाडी, पिठासारखी बारीक भुकटी होती, तांबूस काहीही नव्हते. गरम इंजिनातला आयडलिंगचा दाब आणि चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन त्याच वेळी मोजून सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवले आहे, आणि गाडीच्या नोंदणीच्या कागदांवर नवा इंजिन क्रमांक चढवून घेतला आहे. ऑइलची पुढची मुदत पुस्तिकेतल्या मुदतीच्या निम्मी ठरवली आहे.